कापसाच्या वातीचा फोटो संकेतस्थळाच्या मरून पानावर ठेवला की कडेला किनार दिसते, काय करावं?

फुलवात (घाटंजी, जि. यवतमाळ), सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या महिला बचत गटाचं छोटं संकेतस्थळ मी घरी बसून बनवते आहे. माल चारच प्रकारचा: फुलवाती, लांब वाती, कापसाचं गेजवस्त्र आणि वाळलेली मिरची. पानाचा रंग गटातल्या बायांनी निवडला, गडद मरून, वाळल्या कुंकवासारखा. रंगाचे आकडे (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५) १०१, २१, ३१. तो बदलायचा नाही, असा मी त्यांना शब्द दिला आहे.

अडचण कडांची आहे. मिरचीचा फोटो पांढऱ्या चादरीवर काढला, मागचं कापून पारदर्शक पीएनजी (मागचं रिकामं ठेवता येणारी चित्रफाइल) केली. पांढऱ्या पानावर छान दिसते. मरून पानावर ठेवली की मिरचीभोवती बारीक गुलाबी-पांढरी रेघ येते, कोणी खडूने गिरवल्यासारखी. फुलवाती पांढऱ्या, म्हणून त्या हिरव्या चादरीवर ठेवून काढल्या आणि मागचं आपोआप काढून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेत टाकल्या. तिथे कापसाचे तंतू साफ छाटले गेले आणि उरलेल्या कडेला हिरवट मळ राहिला. गटातल्या एका काकूंनी फोन हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तं खडूचा तुकडा वाटते, आपली वात अशी नसते." त्यांचं खरं आहे. आमची वात हाताने पिंजलेल्या कापसाची आहे. तिची कड भुरभुरीत असते आणि गिऱ्हाईक तेच पाहून घेते.

कापण्यासाठी आखलेली निवड एक-दोन पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) आत ओढून पाहिली. मिरचीची रेघ कमी झाली पण देठ बारीक झाला, आणि वातीचं उरलंसुरलं रूपही गेलं. माझ्याकडे गिंप (फोटो दुरुस्त करायचा फुकट प्रोग्रॅम) आहे, फोटोशॉप नाही. फोटो मोबाइलचेच. कोणी मार्ग सांगेल का?

संत्राबाग (वरुड, जि. अमरावती), सोमवार, रात्री १०.२०

ताई, मिरचीचं मी सांगतो, वातीचं दुसरे सांगतील. आमचं संत्र्याचं पान हाये. मागच्या वर्षी संत्र्याभोवती अशीच पांढरी रेघ यायची. तवा म्या सोपा उपाय केला. पानाचा जो हिरवा रंग होता तोच फोटोच्या मागे भरला, त्याच्यावर संत्रं चिकटवलं अन् जेपीजी करून टाकलं. रेघ गेली, फाइल बी लहान झाली. मंग आंबिया बहार संपला, मृगाचा माल निघाला, तवा पोरानं पानाचा रंग बदलवला, फिकट पिवळा केला. चाळीस फोटोंभोवती चाळीस हिरवे डबे दिसू लागले. जेपीजीत पारदर्शकपणा राहतच नाही, हे मले तवा समजलं. सगळे फोटो पुन्हा करावं लागले. तुमचा रंग कायमचा ठरला असन तं हा उपाय चालते, पण मी तं आता करत नाही.

छापखाना (आर्वी, जि. वर्धा), मंगळवार, सकाळी ७.०५

संत्राबाग भाऊंनी केलं त्याला जुन्या वेब कामात मॅट म्हणत, आणि एके काळी तोच एक मार्ग होता. जीआयएफ ही चित्रफाइल १९८७ ची. तिच्यात पारदर्शकपणा आला १९८९ च्या आवृत्तीत, तोही एवढाच की रंगांच्या यादीतला एक रंग 'दिसू नये' म्हणून ठरवायचा. रंग जास्तीत जास्त २५६. पिक्सेल एक तर पूर्ण दिसणार, नाही तर अजिबात दिसणार नाही, मधलं काही नाही. त्यामुळे गोल कड पायऱ्यापायऱ्यांची दिसे. पायऱ्या लपवायच्या तर कडेचे पिक्सेल पानाच्या रंगात मिसळून पक्के करून ठेवावे लागत. पानाचा रंग बदलला की जुन्या रंगाची किनार उघडी पडायची.

पीएनजी १९९६ साली आली आणि प्रत्येक पिक्सेलला रंगासोबत अल्फा, म्हणजे तो किती दिसावा याचा आकडा, मिळाला, ० ते २५५. म्हणजे 'हा पिक्सेल अर्धा दिसू दे' असं सांगता येऊ लागलं. पण इंटरनेट एक्सप्लोरर ६ या जुन्या ब्राउझरमध्ये तो अर्धेपणा नीट दिसत नसे, मागे राखाडी ठोकळा यायचा. २००६ च्या सातव्या आवृत्तीत ते सुधारलं. तोवर मॅटची सवय लोकांच्या हाताला लागली होती आणि अजूनही पुष्कळ जण त्याच सवयीने कापतात. ताईंची पीएनजी आहे, तिला मॅटची गरज नाही. तरी किनार दिसते, कारण फोटोत पांढरी चादर आधीच मिसळलेली आहे.

छपाईत आम्ही याच्या उलट करतो. दोन रंग शेजारी आले तर एक रंग दुसऱ्याखाली केसभर सरकवतो, कागद हलला तरी मधे पांढरी फट दिसू नये म्हणून. कड म्हणजे दोन रंगांची गाठ, हे लग्नपत्रिका छापणाऱ्या माणसाला रोज दिसतं. तिथे काय मिसळायचं हे आपल्याला ठरवता येतं. फोटोत ते कॅमेऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

वर्धाकाठ (पुलगाव), मंगळवार, दुपारी १.३०

छापखाना काकांचं शेवटचं वाक्य धरून पुढे जातो, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे.

मिरचीची कड बरोबर पिक्सेलच्या सीमेवर कधीच पडत नाही. सीमेवरच्या पिक्सेलमध्ये अर्धी मिरची असते, अर्धी चादर. कॅमेरा दोघांची सरासरी घेतो. मिरचीचा रंग १८१, २९, २९ धरा आणि चादर २५५, २५५, २५५. अर्ध्या-अर्ध्या पिक्सेलचा रंग आला २१८, १४२, १४२. हा गुलाबी. तुम्हाला दिसणारी रेघ हीच.

आता कापताना हा पिक्सेल पूर्ण ठेवला तर मरून पानावर गुलाबी ठिपका बसतो. मऊ कड देऊन त्याचा अल्फा अर्धा केला तर ब्राउझर त्याला पानाच्या रंगात अर्धा मिसळतो आणि येतात साधारण १५९, ८१, ८६. अजून फिकटच. खरा रंग काय हवा होता? अर्धी मिरची आणि अर्धं मरून पान, म्हणजे १४१, २५, ३०. तो मिळवायचा तर पिक्सेलचा अल्फा अर्धा हवाच, पण त्याचा रंग शुद्ध मिरचीचा हवा, गुलाबी नको. अल्फा बरोबर असून रंगात चादर उरली, तरीही किनार दिसते. इथे बहुतेक जण चुकतात. ते अल्फाशीच झुंजत राहतात, निवड आत घेतात, बाहेर घेतात, मऊ करतात. ज्या पिक्सेलमध्ये चादर आहे तिथून चादर वजा करायला हवी.

हिशोब साधा आहे. दिसणाऱ्या रंगातून चादरीचा वाटा काढा, उरलेल्याला अल्फाने भागा. २१८ मधून १२७.५ गेले, उरले ९०.५, त्याला अर्ध्याने भागलं की १८१. मिरचीचा लाल जसाच्या तसा परत आला. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र ठेवण्याचं जे गणित मांडलं, ब्राउझर आजही पानावर चित्र ठेवताना त्याच पद्धतीने मिसळतो. आपण फक्त तो हिशोब उलटा करतो आहोत.

गिंपमध्ये हे काम 'कलर टू अल्फा' करतं. पण पूर्ण फोटोवर चालवू नका, मिरचीवरची चमकसुद्धा पांढरी समजून ती पारदर्शक करून टाकेल. मिरचीची निवड करा, मग निवड मेनूतून 'बॉर्डर' घेऊन फक्त कडेचा तीन-चार पिक्सेलचा पट्टा निवडा आणि तेवढ्यावरच पांढरा रंग देऊन 'कलर टू अल्फा' करा. देठ आहे तसा जाड राहील.

झाडीपट्टी (वडसा, जि. गडचिरोली), मंगळवार, रात्री ११.१५

मी नाटकांची पोस्टरं करतो. दिवाळीपासून आमचा हंगाम असतो, त्या दिवसांत रोज तीन-चार पोस्टरं निघतात. प्रत्येकात पाच-सहा कलाकारांचे कापलेले चेहरे, मागे लाल, जांभळा, पिवळा असा भडक रंग. म्हणून केसांचं मी सांगू शकतो, आणि केस म्हणजे तुमच्या वातीचे भाऊच.

फोटोशॉपवाल्यांसाठी: लेयर मेनूत मॅटिंगखाली 'डीफ्रिंज', 'रिमूव्ह व्हाइट मॅट' आणि 'रिमूव्ह ब्लॅक मॅट' असे पर्याय आहेत. डीफ्रिंज कडेच्या पिक्सेलचा रंग टाकून देतं आणि आतला रंग बाहेर पसरवतं. संत्रं, मिरची, चेहऱ्याची हनुवटी, अशा ठाम कडांना चांगलं. केसांना 'सिलेक्ट अँड मास्क'मधलं 'डिकंटॅमिनेट कलर्स' बरं पडतं.

पण माझं मत वेगळं आहे. वात सॉफ्टवेअरमध्ये सोडवू नका, फोटो पुन्हा काढा. हिरव्या चादरीचा उजेड कापसाच्या आतपर्यंत शिरलेला असतो. तो फक्त कडेला नसतो, पोटातही असतो. सिनेमावाले हिरव्या पडद्यापासून माणसाला लांब उभं करतात ते यासाठीच. तुम्ही तर वात थेट चादरीवर ठेवली. कितीही कापा, हिरवट छटा राहणारच. माझ्याकडे कलाकार भिंतीला चिकटून काढलेला फोटो पाठवतात, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना अंगणात, भिंतीपासून चार हात पुढे उभं राहून पुन्हा काढायला सांगतो. दहा मिनिटं जातात आणि माझे दोन तास वाचतात.

फुलवात, बुधवार, सकाळी ११.४०

वर्धाकाठ दादा, मिरची झाली! पट्टा चार पिक्सेलचा घेतला. रेघ पूर्ण गेली आणि देठाचं टोक पहिल्यांदाच मूळ फोटोसारखं दिसलं. आकडे दिल्यामुळे समजलं, नाही तर मी अजून आठवडाभर निवडच आत-बाहेर करत बसले असते.

वाती पुन्हा काढते. पांढऱ्या वस्तूला मागे काय घ्यावं? काळं?

एक वाचक, बुधवार, दुपारी १२.१०

एवढी मेहनत कशाला? सीएसएसमध्ये (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत) 'मिक्स-ब्लेंड-मोड'ला 'मल्टिप्लाय' द्या. पांढरी पार्श्वभूमी आपोआप गायब होते, कापायचं कामच नाही.

वर्धाकाठ, बुधवार, दुपारी १२.४५

मल्टिप्लाय म्हणजे दोन रंगांचा गुणाकार. पांढरं गुणिले मरून बरोबर मरून, म्हणून पांढरी चादर गायब होते. पण पांढरी वातही तशीच गायब होईल. मिरचीचा लालसुद्धा मरूनशी गुणला जाऊन काळपट होईल. फिकट पानावर काळ्या शाईची सही किंवा शिक्का ठेवायचा असेल तर मल्टिप्लाय उत्तम आहे, इथे उपयोगाचं नाही.

पांढऱ्या वातीला त्याच्या उलटं 'स्क्रीन' चालतं. काळ्यावर काढलेला फोटो स्क्रीनने ठेवला तर काळं जातं, पांढरं राहतं. घाईत असाल तर एवढ्यावर भागेल. मात्र ब्लेंड ब्राउझर करतो, चित्र करत नाही. तेच चित्र कोणी उचलून दुसरीकडे वापरलं, फोनवर गिऱ्हाइकाला पाठवलं, तर काळा चौकोन जाईल. म्हणून खरी पारदर्शक फाइल एकदाच बनवून ठेवा.

हो ताई, मागे काळंच घ्या, आणि शक्यतो मखमल. साधं सुती काळं कापड उजेडात राखाडी दिसतं. मखमल उजेड गिळते. झाडीपट्टी भाऊ म्हणाले तसा हिरवा उजेड परत फेकला जायचा प्रश्नही मग उरत नाही. मोबाइल काळं पाहून फोटो उजळ करायला जातो आणि कापूस नुसता पांढरा फटक होतो. म्हणून स्क्रीनवर वातीवर बोट ठेवून उजेड खाली ओढा, वातीच्या घड्या दिसेपर्यंत. मग गिंपमध्ये 'लेव्हल्स'ने कापडाचा रंग पूर्ण काळा करा आणि काळा रंग देऊन 'कलर टू अल्फा' पूर्ण फोटोवर चालवा. पांढरी वस्तू, काळी पार्श्वभूमी, अशा वेळी जितका उजेड तितका अल्फा. एकेक तंतू आपोआप अर्धपारदर्शक होतो. हाताने काही कापायचं नाही.

फुलवात, गुरुवार, रात्री ९.१५

फुलवात आणि लांब वात, दोन्ही जमल्या. मोठं करून पाहिलं तर तंतूंच्या मधून पानाचा मरून दिसतो. मी बराच वेळ तेच पाहत बसले होते.

पण एक गडबड. वातीच्या घडीत जिथे सावली होती ती राखाडी जागासुद्धा थोडी पारदर्शक झाली, आणि तिथून मरून झिरपतो. वात आतून लालसर वाटते. आणि गेजवस्त्र पूर्ण बिघडलं. त्यावर कुंकवाचे ठिपके आहेत. लाल ठिपके अर्धे आरपार झाले, फिकट पानावर ठेवून पाहिले तर गुलाबी दिसतात. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या वेळी याच गेजवस्त्राला सगळ्यात जास्त मागणी असते. हे नीट दाखवायलाच हवं.

वर्धाकाठ, गुरुवार, रात्री १०.३०

दोन्ही गडबडी एकाच कारणाने. 'कलर टू अल्फा'ला फक्त एक फोटो दिसतो. समोरचा पिक्सेल राखाडी आहे तो सावलीमुळे, की अर्धा कापूस आणि अर्धं काळं कापड म्हणून, हे त्याला एका फोटोवरून कळूच शकत नाही. तो नेहमी दुसरी शक्यता धरतो. कुंकवाचा लाल म्हणजे त्याच्या लेखी 'थोडा भडक लाल आणि थोडं काळं'.

वातीच्या पोटाला सोपा उपाय आहे. मूळ फोटोचा थर खाली ठेवा, त्याला वातीच्या कडेपासून बऱ्यापैकी आत, मऊ कडेचा मुखवटा (मास्क) द्या. पोट भरीव राहील, तंतू वरच्या थराचे.

गेजवस्त्राला मात्र दोन फोटो लागतील. एकाच जागी, एकाच उजेडात, एकदा मागे काळं आणि एकदा मागे पांढरं. जो पिक्सेल भरीव आहे तो दोन्ही फोटोंत सारखाच दिसतो, मग तो लाल असो की राखाडी. जो रिकामा आहे तो एकात काळा, एकात पांढरा. आणि तंतूंचे पिक्सेल मधे कुठेतरी. दोन फोटोंतला फरक जितका जास्त, तितका पिक्सेल पारदर्शक. अंदाज लावायची गरजच राहत नाही. १९९६ मध्ये अल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी हे शोधनिबंधात सिद्ध करून दाखवलं. पार्श्वभूमीचा एकच रंग असेल तर प्रश्नाला अनंत उत्तरं निघतात, दोन असतील तर एकच निघतं. यातला अल्वी रे स्मिथ म्हणजे ज्याने सत्तरच्या दशकाच्या शेवटी एड कॅटमुलसोबत अल्फाची कल्पना आणली तोच.

आकड्यात सांगतो. तुमच्या फोटोत पांढरा कागद २४० येतो आणि मखमल २०, असं धरा. दोघांत अंतर २२०. एका तंतूचा पिक्सेल पांढऱ्यावर २३० आणि काळ्यावर १२० आला. फरक ११०. ११० म्हणजे २२० चा अर्धा, म्हणून पिक्सेल अर्धा पारदर्शक. काळ्या फोटोतल्या १२० मधून कापडाचा अर्धा वाटा १० वजा केला, ११० उरले, अर्ध्याने भागले, तंतूचा खरा रंग २२०. कुंकवाच्या ठिपक्यावर फरक शून्य येईल, म्हणजे तो पूर्ण भरीव, रंग जसाच्या तसा.

छापखाना, शुक्रवार, सकाळी ६.५०

वस्तू न हलवता मागचं बदलायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. वात उचलली की तंतू हलणार.

काच वापरा. जुन्या खिडकीची सपाट काच दोन्ही बाजूंना विटा रचून त्यावर ठेवा. गेजवस्त्र काचेवर. खालून एकदा मखमल सरकवा, मग ती काढून पांढरा कागद सरकवा. वरचं काही हलत नाही. आणखी एक फायदा, वस्तू आणि कापड यांच्यात वीतभर अंतर राहतं, त्यामुळे सावली कापडावर पसरून जाते, कडेला चिकटून पडत नाही. आम्ही दागिन्यांच्या कॅटलॉगचे फोटो असेच काढत होतो. काच आधी वर्तमानपत्राच्या ओल्या कागदाने पुसा. उजेड बाजूने येऊ द्या, वरून आला तर काचेत आढं दिसेल.

झाडीपट्टी, शुक्रवार, सकाळी ८.३०

मोबाइल हातात धरू नका. स्टँड नसेल तर स्टुलाला बांधा. बटण दाबतानाही फोन हलतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा. आणि उजेड लॉक करा, नाही तर पांढरा कागद येताच फोन सगळं गडद करेल आणि दोन फोटोंचा मेळच बसणार नाही. प्रो मोड असेल तर त्यात शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा. ढगाळ दिवशी काढू नका. दोन फोटोंच्या मधे ढग सरकला तर सगळं वाया जातं. ओसरीत, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन थेट पडत नाही अशा जागी.

संत्राबाग, शुक्रवार, दुपारी २.००

मी गणिताचा माणूस नाही, पण भाचा पायथॉन शिकते. त्याले वर्धाकाठ भाऊंचा हिशोब दाखवला तं त्यानं पंधरा-वीस ओळीत लिहून देला. दोन फोटो टाका, एक पारदर्शक पीएनजी बाहेर येते. ताई, तुमचे फोटो झाले की सांगजा, मी फाइल पाठवतो. हे पाहून मीबी पानासगट संत्र्याचे फोटो नव्यानं काढनार हाव. पानाची कड पातळ राहते, तिथं हमेशा पांढरं राहून जाते.

फुलवात, रविवार, संध्याकाळी ६.२५

काल सकाळी ओसरीत काच मांडली. गटातल्या सहा जणी आल्या होत्या. एकीने मखमल ओढली, एकीने कागद सरकवला, बाकीच्यांनी पोरांना लांब ठेवलं. पंख्याच्या वाऱ्याने पहिले दोन जोड वाया गेले, तंतू हलत होते. पंखा बंद केला. तिसरा जोड बरोबर आला. संत्राबाग दादांच्या भाच्याची फाइल चालवली आणि गेजवस्त्र जसं आहे तसं पानावर उतरलं. कुंकवाचे ठिपके भरीव लाल, मण्यांच्या मधला कापूस विरळ आणि त्यातून मरून दिसतो.

पण संकेतस्थळासाठी चित्र छोटं केलं आणि कडेला बारीक काळी रेघ आली! मोठ्या फाइलमध्ये ती नाही. छोटं करण्यासाठी दुसरा एक प्रोग्रॅम वापरला होता. असं का?

वर्धाकाठ, रविवार, रात्री ८.१०

पीएनजीत पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही रंग असतो, फक्त दिसत नाही. तुमच्या फाइलमध्ये तो काळा आहे. छोटं करताना प्रोग्रॅम शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतो. त्याने अल्फा न पाहता नुसत्या रंगांची सरासरी काढली, तर न दिसणारा काळा रंग कडेत मिसळतो. म्हणजे चादरीची भानगड पुन्हा तीच, यावेळी काळ्या रंगाची. नीट लिहिलेला प्रोग्रॅम आधी रंगाला अल्फाने गुणतो, मग सरासरी काढतो, मग पुन्हा भागतो. त्याला प्रीमल्टिप्लाय म्हणतात. गिंपमधूनच छोटं करा, तिथे हे बरोबर होतं. नाही तर भाच्याला सांगा, रिकाम्या पिक्सेलांना काळ्याऐवजी कापसाचाच पांढरा रंग भरून दे. मग सरासरी कशीही काढली तरी कापूसच मिसळेल.

याच जातीची एक गोष्ट सीएसएसमध्येही आहे. 'ट्रान्सपरंट' म्हणजे मुळात अल्फा शून्य असलेला काळा. पांढऱ्यापासून ट्रान्सपरंटकडे जाणारा ग्रेडियंट (हळूहळू बदलणारा रंग) काही जुन्या ब्राउझरांत मधेच राखाडी दिसे, तो यामुळे. तुम्ही पानावर वर अशी विरत जाणारी पट्टी देणार असाल तर ट्रान्सपरंट न लिहिता पांढऱ्याचाच अल्फा शून्य लिहा.

वस्तूखाली सावली द्यायची असेल तर 'बॉक्स-शॅडो' नको, तो चौकोनाची सावली पाडतो. 'फिल्टर'मधला 'ड्रॉप-शॅडो' अल्फा पाहून सावली पाडतो, वातीच्या आकाराची.

एक वाचक, रविवार, रात्री ९.००

फाइल किती मोठी झाली? आमच्या गावात दुपारी नेटवर्कची एकच कांडी असते.

फुलवात, सोमवार, सकाळी १०.५०

गिंपमधून छोटं केलं, काळी रेघ गेली. मूळ पीएनजी तीन एमबीच्या वर होती. आधी चारही बाजूंचा रिकामा भाग छाटला, मग पानावर जेवढं दिसतं त्याच्या दुप्पट रुंदी ठेवली, आणि वेबपी (फाइल लहान ठेवणारा चित्राचा प्रकार) करून पाहिली. वेबपीत फोटो दाबला तरी अल्फा टिकतो. आता एकेक चित्र शंभर केबीच्या आत आहे. ज्यांना पीएनजीच हवी त्यांच्यासाठी पीएनजीक्वांट नावाच्या प्रोग्रॅमने २५६ रंगांची करून ठेवली. जीआयएफसारखेच २५६ रंग, पण यात यादीतल्या प्रत्येक रंगाला स्वतःचा अल्फा ठेवता येतो, त्यामुळे तंतू शाबूत राहिले.

काल रात्री बैठकीत फोन फिरवला. ज्या काकू खडू म्हणाल्या होत्या त्यांनी चित्र दोन बोटांनी मोठं केलं, अजून मोठं केलं, आणि "ही माह्या हातची हाये, मले वळण वयखू येते" असं म्हणून फोन शेजारणीला दिला.

संत्राबाग, सोमवार, दुपारी १.१५

ताई, काच केवढी घेतली होती? संत्र्याच्या फांदीले दोन बाय तीन फूट तरी लागन.

फुलवात, सोमवार, दुपारी १.४०

आमची दीड बाय दोन फुटांची होती, चार मिलिमीटर जाडीची. तुमच्या फांदीचं वजन जास्त, तुम्ही सहाची घ्या आणि विटा चारही कोपऱ्यांना ठेवा. मखमल काचेपेक्षा सगळ्या बाजूंनी वीतभर मोठी हवी, नाही तर कोपऱ्यात जमीन दिसते. आमच्या पहिल्या फोटोत शेणाने सारवलेली ओसरी आली होती.